अंगठी निघत नाहीये ना, मग आधी तेच बघू

पत्र असं आलंय, थोडं कापून देतेय:

"ताई नमस्कार, मी सोलापूरला प्राथमिक शाळेत शिकवते, वय ४४. तीन वर्षांपूर्वी फायब्रोमायल्जियाचं निदान झालं. सगळं अंग ठणकतं, सकाळी मान-पाठ लाकडासारखी, बोलताना शब्द आठवत नाहीत. रात्री ह्या दुखण्यासाठी प्रेगाबालिन ७५ घेते, बीपीची टेल्मिसार्टन ४० आहे आणि सकाळी थायरॉइडची गोळी. मावसबहीण अमेरिकेत असते, तिलाही हाच त्रास. तिने इलेक्ट्रोलाइट पावडरच्या पुड्या पाठवल्या, एका पुडीत सोडियम १००० मिलिग्रॅम, पोटॅशियम २००. पहिल्या आठवड्यात खरंच बरं वाटलं म्हणून रोज तीन घ्यायला लागले. सोबत मॅग्नेशियमची गोळी थायरॉइडच्या गोळीबरोबरच घेते म्हणजे विसरायला होत नाही. पोटॅशियम चांगलं असतं असं वाचलं म्हणून घरात लो सोडियम मीठ आणलं. फार दुखलं तर शाळेसमोरच्या मेडिकलमधून ओआरएस लिहिलेला टेट्रापॅक. आता दोन महिने झाले, दुखणं परत होतं तितकंच, परवा बीपी १५२/९६ आलं, आणि लग्नातली अंगठी बोटातून निघत नाहीये. पुड्या संपत आल्यात, अजून मागवू का? पाणी मी कमीच पिते, वर्ग दुसऱ्या मजल्यावर आणि बाथरूम तळमजल्यावर, जिना नको होतो. सासूबाई म्हणतात मनाचे खेळ आहेत सगळे."

बाई, पुड्या मागवू नका. आहेत त्याही आजपासून कपाटात ठेवा. आणि अंगठी उद्या सकाळी उठल्या उठल्या, हात थोडा वेळ वर धरून, साबणाच्या पाण्याने काढून बघा, नाहीच निघाली तर सोनाराकडे जाऊन कापून घ्या, जीव अडकवू नका त्यात, सोनं परत जोडता येतं, बोट सुजत गेलं तर मग खरी पंचाईत होते.

मी आहारतज्ज्ञ आहे, डॉक्टर नाही, म्हणून गोळ्यांबद्दल जे सांगतेय ते तुमच्या डॉक्टरांना विचारायला म्हणून सांगतेय, स्वतःहून एकही गोळी बंद करायची नाही. प्रेगाबालिन तर एकदम बंद केली की झोप उडते, घाम फुटतो, घाबरल्यासारखं होतं, त्यामुळे तिला हात लावू नका. पण पुड्या, लो सोडियम मीठ आणि टेट्रापॅक हे तिन्ही थांबवायला कुणाची परवानगी लागत नाही.

आता हिशेब बघा. एका पुडीत सोडियम १००० मिलिग्रॅम म्हणजे साधारण अडीच ग्रॅम मीठ, अर्धा चमचा म्हणा. तीन पुड्या म्हणजे साडेसात ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभराचं सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत मीठ ठेवा म्हणते, म्हणजे जेवणाचा पहिला घास घ्यायच्या आधीच तुमचा दीडपट कोटा झाला, आणि वर आपल्या सोलापूरचं जेवण, शेंगाचटणी, ठेचा, कडक भाकरीबरोबर लोणचं, ते वेगळंच. बीपीची गोळी चालू असताना एवढं मीठ आत गेलं की शरीर पाणी धरून ठेवतं, बीपी वर जातं, बोटं आणि घोटे सुजतात. त्यात प्रेगाबालिनने काही जणांना पायावर, हातावर सूज येते, हा त्या गोळीचा माहितीतला दुष्परिणाम आहे, म्हणजे दोन कारणं एकावर एक बसलेली असू शकतात. डॉक्टरांना दोन्ही सांगा. पुड्यांचं सांगितलं नाहीत तर ते बिचारे प्रेगाबालिन बदलतील नाहीतर बीपीची गोळी वाढवतील, आणि खरं कारण किचनच्या ओट्यावर तसंच पडून राहील.

मिठाचं तर मला जास्त टेन्शन आलं. लो सोडियम मीठ म्हणजे त्यातलं थोडं सोडियम क्लोराइड काढून तिथे पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. ज्याची किडनी ठणठणीत आहे आणि असल्या गोळ्या चालू नाहीत त्याला ते चालतं, बीपीसाठी चांगलंही आहे. पण टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल ह्या जातीच्या गोळ्या शरीरातलं पोटॅशियम बाहेर टाकणं कमी करतात. म्हणजे इकडून बाहेर जायचा रस्ता अरुंद आणि तिकडून रोज भाजीआमटीतून भर. पुडीतलं २०० मिलिग्रॅम पोटॅशियम त्यामानाने काहीच नाही, अर्ध्या केळ्यात तेवढं असतं. मीठ मात्र दिवसातून दोनदा सगळ्या स्वयंपाकात पडतं. रक्तातलं पोटॅशियम साधारण साडेतीन ते पाच असावं लागतं, त्याच्या फार वर गेलं की हृदयाचे ठोके बिघडतात, आणि त्याचं वाईट हे की आधी काही कळत नाही, नुसता अशक्तपणा वाटतो, हातापायातला जोर गेल्यासारखा, आणि तुम्हाला तर अशक्तपणा रोजचाच, तुम्ही म्हणणार फायब्रोच आहे. म्हणून ह्याच आठवड्यात सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन (किडनीसाठी) आणि टीएसएच (थायरॉइडसाठी) एवढं रक्त तपासून घ्या. छातीत धडधड, श्वास लागणं, पायात एकदम जोर नसणं किंवा गोंधळल्यासारखं झालं तर रिपोर्टची वाट न बघता तडक दवाखाना.

टीएसएच का म्हणाले ते सांगते, मला वाटतं तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच होती आणि तुम्ही ती सहज लिहून गेलात, "विसरायला होत नाही" म्हणून मॅग्नेशियम थायरॉइडच्या गोळीबरोबर घेतेय. मॅग्नेशियम, कॅल्शियम, लोह, ह्यातलं काहीही थायरॉक्सिनच्या गोळीबरोबर पोटात गेलं की गोळी आतड्यातच अडकते, अंगाला नीट लागत नाही. चार तासांचं अंतर लागतं. म्हणजे दोन महिने तुमची थायरॉइडची गोळी अर्धवट लागू पडत असेल अशी दाट शक्यता आहे. आणि थायरॉइड कमी पडलं की काय होतं? अंग दुखतं, थकवा येतो, सकाळी आखडल्यासारखं होतं, डोकं चालत नाही, चेहरा-हात सुजल्यासारखे होतात. ओळखीचं वाटतंय ना सगळं? मॅग्नेशियम घ्यायचंच असेल तर रात्री जेवणानंतर.

आता तुमच्या प्रश्नामागचा मूळ प्रश्न, इलेक्ट्रोलाइटने फायब्रोमायल्जिया बरा होतो का, निदान कमी तरी होतो का. इलेक्ट्रोलाइटचं पाणी, म्हणजे आपलं ओआरएस, बनलं कशासाठी ते बघितलं की उत्तर सोपं होतं. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी लाखो निर्वासित आपल्याकडे आले, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलराची साथ पसरली, सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी मीठ-साखरेचं मोजून बनवलेलं पाणी ड्रममधून द्यायला लावलं, ड्रमला तोटी लावून, नातेवाईकच पेशंटला पाजायचे. जिथे शंभरातली तीसेक माणसं जात होती तिथे चारच्या आत आली. हे घडलं कारण आपल्या आतड्याच्या अस्तरात साखर आणि सोडियम जोडीने आत घेणारी दारं असतात, जोडी आली की मागून पाणी ओढलं जातं, आणि जुलाब चालू असतानासुद्धा ही दारं काम करतात. आजच्या ओआरएसच्या एक लिटरच्या पुडीत मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५, सोडियम सायट्रेट २.९ आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम असतं, ते ह्याच मापासाठी. म्हणजे शरीरातून जे वाहून गेलं ते तिथल्या तिथे भरून काढायचं. कॉलराच्या माणसाचं लिटरच्या लिटर वाहून जात होतं. तुमचं काय वाहून गेलंय?

फायब्रोमध्ये असं काही वाहून जात नाही. रक्तातले सोडियम-पोटॅशियम बहुतेकांचे नॉर्मलच असतात. बिघाड दुखण्याचा निरोप नेणाऱ्या यंत्रणेत असतो, मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू, तिथे आवाज वाढवून ठेवल्यासारखा, साधा हात लावला तरी ठणका लागतो. पूर्वी डॉक्टर अंगावरच्या १८ जागा दाबून बघायचे, ११ ठिकाणी दुखलं की निदान, १९९० चा तो नियम होता, २०१० नंतर कुठे कुठे दुखतं, झोप कशी, थकवा किती, आठवण कशी ह्या सगळ्याचे गुण धरतात, आणि त्रास किमान तीन महिने चाललेला असावा लागतो. हे सासूबाईंना वाचून दाखवा. ह्याला निकष आहेत, अमेरिकेत २००७ पासून प्रेगाबालिन ह्याच आजारासाठी मान्य झालेली आहे, मनाच्या खेळासाठी कुणी एवढं करत बसत नाही. एक्स-रेत दिसत नाही म्हणून ते नाही असं होत नाही बाई, तुम्ही तीन वर्षं खडू हातात धरून फळ्यावर लिहिताय आणि खांदा ठणकत असताना लिहिताय, ते मला तुमच्या पत्रातून दिसलं.

मग पहिल्या आठवड्यात बरं का वाटलं? ते खोटं नव्हतं, आणि मला तो तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा धागा वाटतो. एक पुडी म्हणजे मोठी बाटलीभर पाणी. तीन पुड्या म्हणजे दोन लिटरच्या आसपास. तुम्ही आधी किती पीत होतात? मी शाळेतल्या बऱ्याच शिक्षिकांचा आहार बघितलाय, सकाळी सातला चहा, मग मधल्या सुट्टीत दोन घोट, मग घरी येईपर्यंत काही नाही, कारण बाथरूमला जायला लागू नये. आणि हे सोलापूरच्या मार्च-एप्रिलमध्ये, पारा चाळिशी ओलांडतो तिथे. अशा माणसाचं डोकं दुखणार, चक्कर येणार, पोटऱ्यांत गोळे येणार, लक्ष लागणार नाही. त्यावर फायब्रो. तुम्ही पुडी टाकलीत, पाणी पोटात गेलं, कोरड पडल्यामुळे होणारा त्रास पळाला, आणि श्रेय पुडीला मिळालं. मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मीठ साठत गेलं, थायरॉइडची गोळी लागेनाशी झाली, आणि परत पहिल्या जागी. ही माझी अटकळ आहे, पण ती तपासून बघता येते.

ती अशी. दोन आठवडे पुडी नाही, साधं आयोडीनचं मीठ नेहमीच्या मापात (लोणचं-पापड एक दिवसाआड केलं तर उत्तम), थायरॉइडची गोळी उपाशीपोटी एकटी, आणि पाणी मात्र पुड्यांच्या वेळेला जेवढं प्यायचात तेवढंच. हे शेवटचं नीट करायचं. रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी पाणी कमी करायला सांगितलं नाही तरच अर्थात. घटाघटा एका वेळी दोन लिटर नको, तास-दीड तासाने एक फुलपात्र. जुन्या वहीची मागची पानं घ्या, तुमच्याकडे वह्यांना काय कमी, आणि रोज रात्री चार आकडे लिहा, सकाळचं बीपी, दुखणं दहापैकी किती, झोप किती तास लागली, पाणी किती फुलपात्रं. मी एका बाईंची अशी वही बघितली होती, त्यात एका मंगळवारी लिहिलेलं, "दुखणं ८, झोप ३, पाणी २, पाहुणे." त्या एका ओळीत सगळं होतं. त्यांना वाटायचं दुखणं कधीही उठतं, वहीने दाखवलं की ते झोप बुडाली की दुसऱ्या दिवशी उठतं.

दुपारी ताक घ्या एक ग्लास, घरचं, पातळ, जिरंपूड आणि चिमूटभर मीठ, चिमूट म्हणजे खरंच दोन बोटांची. नाचणीची आंबील जमली तर तीही. शहाळं मात्र पोटॅशियमचा रिपोर्ट येईपर्यंत थांबवा, एरवी चांगलं असलं तरी. मॅग्नेशियमचं म्हणाल तर फायब्रोवर छोटे छोटे अभ्यास झालेत, काहींत थोडा फायदा दिसला, काहींत नाही, म्हणून मी ना जोरात हो म्हणणार ना नको, पण तुमची ज्वारीची भाकरी, शेंगदाणे, तीळ, मूग ह्यात ते भरपूर आहे. गोळीतून घ्यायचं तर दिवसाला ३५० मिलिग्रॅमच्या वर नको, जुलाब होतात, आणि किडनीचा रिपोर्ट बघितल्याशिवाय तर नकोच. तुम्ही ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल वगैरे वर्षानुवर्षं घेत असाल तर मॅग्नेशियम खरंच कमी असू शकतं, तसं असेल तर डॉक्टरांना सांगा, रक्तात तपासता येतं.

टेट्रापॅकबद्दल चिडूनच लिहितेय. नावात ओआरएस असलेली ती बरीचशी पेयं म्हणजे फळाच्या चवीचं साखरेचं पाणी असायचं, साखर मापापेक्षा कितीतरी जास्त, मीठ अगदी कमी, आणि मेडिकलमध्ये ठेवलेलं म्हणून आपण औषध समजून मुलांना पाजत आलो. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष ह्यांनी वर्षानुवर्षं ह्याचा पाठपुरावा केला आणि शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, असल्या पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला बंदी केली. जुलाब-उलट्या झाल्या तर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला असं लिहिलेली एक लिटरची पुडी आणायची, अख्खी एक लिटर पाण्यात घालायची, अर्धी अर्धी ग्लासात नाही. पण नुसतं अंग दुखतंय म्हणून तीसुद्धा नको, एक लिटरमध्ये सोडियम १७०० मिलिग्रॅमच्या वर जातं.

माझ्या मावशीचं एक सांगते. थकल्यासारखं होतंय, मळमळतंय म्हणत होती, आम्ही आठवडाभर तिला ओआरएस आणि लिंबू सरबत देत बसलो, उन्हाळा आहे, होतं असं, म्हणून. एके सकाळी तिला घड्याळात किती वाजले ते सांगता येईना. सोडियम १२१ निघालं, १३५ च्या वर हवं ते. तिच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं, त्याने ते खाली आलं होतं, आणि आम्ही पाजत होतो त्या पाण्याने ते भरून येणारच नव्हतं. आठवडा आधी दीड-दोनशे रुपयांची तपासणी केली असती तर तिला आयसीयू बघायला लागलं नसतं. तेव्हापासून मी कुणालाही इलेक्ट्रोलाइटबद्दल आधी तपासा मग प्या एवढंच सांगते. फायब्रोसाठी ड्युलोक्सेटिन घेणाऱ्यांनी तर हे जास्तच लक्षात ठेवा, त्या गोळीने काही जणांचं सोडियम खाली येतं.

तुमच्या मावसबहिणीला मात्र त्या पुड्या खरंच लागू पडत असतील, मी तिला खोटं पाडत नाहीये. फायब्रो असलेल्या काही जणांना सोबत पॉट्स नावाचा त्रास असतो, उभं राहिलं की नाडी धावायला लागते, डोळ्यापुढे अंधारी येते, आणि तिथे मीठ-पाणी वाढवणं हाच उपचाराचा भाग असतो, डॉक्टर स्वतः सांगतात. तुम्हालाही उभं राहून शिकवताना चक्कर येत असेल तर घरी कुणाला तरी शेजारी बसवून बघा, दहा मिनिटं आडवं पडायचं, नाडी मोजायची, मग उभं राहून भिंतीला पाठ टेकायची आणि दहा मिनिटं मधून मधून मोजायची. तीसने वाढली आणि तशीच राहिली तर ते आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा. चक्कर आली तर लगेच खाली बसायचं, दहा मिनिटं पूर्ण करायचा हट्ट नाही. पण बीपी १५२/९६ असलेल्या बाईला हे मीठ वाढवायचं लायसन्स नाही हं, कितीही नाडी वाढली तरी डॉक्टर ठरवतील.

पुड्यांचे पैसे वाचतील त्यातून बीपीचं दंडाला लावायचं मशीन घ्या. आणि चालायला लागा, मला माहितीये हे ऐकून फायब्रोवाल्यांना किती राग येतो, दुखतंय तर चालू कशी, पण युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांनी सगळे अभ्यास चाळून २०१६ मध्ये जी शिफारसपत्रिका केली त्यात जोर देऊन हो म्हटलेली एकमेव गोष्ट व्यायाम होती, कुठलीही गोळी नाही, कुठली पावडर तर नाहीच. फक्त सुरुवात हास्यास्पद वाटेल इतकी छोटी हवी. घराच्या गेटपासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, पाच मिनिटं, आठवडाभर तेवढंच, बरं वाटलं त्या दिवशीसुद्धा तेवढंच. बरं वाटलं म्हणून एका रविवारी सगळं घर आवरायला काढलंत तर पुढचे तीन दिवस गादीवर जातात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहितीये.

दोन आठवड्यांनी वहीतलं बघा. पाणी तेवढंच, पुडी नाही, आणि दुखणं तेवढंच किंवा कमी असेल तर पुडीचा विषय संपला. पुडीशिवाय स्पष्ट वाईट वाटलं तर वही, रिपोर्ट आणि रिकामी पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, पुडीच्या मागचे आकडे त्यांना वाचू द्या.

आणि तो दुसरा मजला. तुम्ही अख्ख्या पत्रात त्याबद्दल एकच ओळ लिहिलीत, जणू ते बदलणारच नाही. मुख्याध्यापकांना साधा अर्ज द्या, जूनमध्ये वर्ग तळमजल्यावर मिळावा म्हणून. आत्ताच द्या, वर्गवाटप ठरायच्या आधी. आजाराचं नाव नीट लिहा, कंबरदुखी वगैरे लिहू नका, आणि डॉक्टरांचं दोन ओळींचं पत्र घेऊन त्याची झेरॉक्स जोडा. टीएसएच आणि पोटॅशियम किती आलं ते मला कळवा.